टिप काम पाहून द्यावी

हॉटेलात बिलाच्या दहा टक्के टिप द्यावी, हा हिशेब आपल्या शहरांत रूढ होत चालला आहे. टक्केवारीची ही रीत अमेरिकेत चालते, त्याला कारण आहे. तिथल्या संघीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१पासून हललेला नाही. काही राज्यांत तो जास्त आहे, पण एकूण पाहता ग्राहकाची टिप हा तिथे पगाराचाच भाग असतो. आपल्या किमान वेतनाच्या कायद्यात मालकाला अशी सूट नाही. मग टक्के कशासाठी मोजायचे? तीन हजारांच्या बिलावर तीनशे आणि दीडशेच्या मिसळीवर पंधरा रुपये, हे न्याय्य नाही. रविवारी सकाळच्या गर्दीत तर्रीसाठी चार फेऱ्या मारणाऱ्याचे कष्ट काही कमी नसतात. दिवाळीची पोस्त देताना आपण कधी टक्के काढले नाहीत. वर्षभराचे काम पाहिले. भर पावसात जेवण घेऊन लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले चढणाऱ्याला ऑर्डर दोनशेची असली तरी पन्नास रुपये द्यावेत.

टिपमुळे मालकाचे फावते, तो पगार वाढवत नाही, हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. पण आपण टिप बंद केल्याने पगार वाढत नाही, त्या माणसाची त्या दिवसाची कमाई तेवढी घटते. टिपच्या आशेने सेवा सुधारते, हा समजही फारसा टिकत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील मायकेल लिन यांच्या अभ्यासात टिपची रक्कम आणि सेवेचा दर्जा यांचा संबंध अगदी क्षीण आढळला. म्हणून सेवा वाईट असेल तर व्यवस्थापकाला तसे स्पष्ट सांगावे. टिप कापून तो निरोप पोचत नाही.

पैसे कुणाच्या हातात पडतात, हेही पाहायला हवे. क्यूआर कोडवर भरलेली रक्कम मालकाच्या खात्यात जाते, आणि सुटे पैसे ताटलीत ठेवण्याची सवय मोडत चालली आहे. बिलातले सेवाशुल्कही आधी मालकाकडेच जमा होते. ते आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तेव्हा सेवाशुल्क दिसले तर काढायला सांगा, नकार मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, आणि टिप वाढणाऱ्याच्या हातात रोख द्या.