चौखूर घोडा : पडद्यावरचा आणि घड्याळातला

घोड्यांच्या शर्यतीवरचा कोणताही चित्रपट आठवून पाहा. शेवटचे वळण येते. आपला घोडा पाचवा नाहीतर सहावा असतो. जॉकी पुढे वाकून त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटतो, पार्श्वसंगीत चढते, टापांचा आवाज वाढतो आणि आतापर्यंत कुठेतरी दडून राहिलेली शक्ती एकाएकी जागी व्हावी तसा तो घोडा उसळी घेतो. पुढचे घोडे एकामागून एक मागे पडतात. दूरदर्शनवर खरी शर्यत पाहतानाही आपल्याला बरेचदा हेच दिसते. मग चित्रपटवाल्यांना दोष तरी कसा द्यायचा?

पण स्टॉपवॉच हातात घेतले, की चित्र पालटते. लांब पल्ल्याच्या बहुतेक शर्यतींत अखेरच्या टप्प्यात सगळेच घोडे मंदावत असतात. जिंकणारा घोडा वेग वाढवत नसतो, तो इतरांपेक्षा कमी मंदावत असतो. (मी स्वतः रेसवर कधी रुपयाही लावलेला नाही. मला यात रस आहे तो सापेक्ष गतीचे इतके देखणे उदाहरण दुसरीकडे सापडत नाही म्हणून.)

गंमत अशी, की कॅमेरा आणि घोडा यांचे नाते सुरू झाले तेच डोळ्यांची चूक दाखवण्यापासून. भरधाव घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणी जमिनीवरून उचललेले असतात का, हा एकोणिसाव्या शतकातला वादाचा विषय होता. चित्रकारांनी आपल्यापुरता तो सोडवून टाकला होता. पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे ताणलेले आणि घोडा हवेत, असे ते काढत. जेरिको या फ्रेंच चित्रकाराचे १८२१ सालच्या एप्सम डर्बीचे प्रसिद्ध चित्र असेच आहे. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर आणि घोड्यांचे शौकीन लेलँड स्टॅनफर्ड यांनी या प्रश्नाचा छडा लावण्याचे काम एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारावर सोपवले. (यामागे मोठी पैज होती अशी कथा सांगतात. तिला पुरावा नाही.) जून १८७८ मध्ये पालो आल्टोच्या धावपट्टीवर मायब्रिजने ओळीने १२ कॅमेरे मांडले. दोन कॅमेऱ्यांतले अंतर २७ इंच, म्हणजे सुमारे ६९ सेंटिमीटर होते. सॅली गार्डनर नावाची घोडी समोरून धावत गेली आणि एकापाठोपाठ एक चित्रे उमटली. चारही पाय खरोखरच अधांतरी होते. मात्र ते चित्रकारांनी दाखवलेल्या क्षणी नव्हते. पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा घोडा हवेत असतो. ताणलेल्या अवस्थेत त्याचा एखादा तरी खूर जमिनीला लागलेला असतो.

इथे एक छोटे गणित वर्गात घेता येईल. सॅलीचा वेग मैलाला १ मिनिट ४० सेकंद असा नोंदला होता. १६०९ मीटरला १०० सेकंद, म्हणजे सेकंदाला १६.१ मीटर. ०.६९ मीटर अंतर कापायला तिला सुमारे ०.०४३ सेकंद लागले. म्हणजे चित्रे सेकंदाला साधारण २३ या गतीने निघाली. पुढे बोलपटांसाठी सेकंदाला २४ चित्रे हा दंडक ठरला. हा निव्वळ योगायोग आहे, पण मुलांना तो फार आवडतो. दुसऱ्याच वर्षी मायब्रिजने अशी चित्रे पडद्यावर हलती दाखवणारे यंत्र तयार केले. चलच्चित्राचा जन्म रेसच्या घोड्यापाशी झाला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता घड्याळाकडे येऊ. ९ जून १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर सेक्रेटेरियट या घोड्याने दीड मैलाची शर्यत २ मिनिटे २४ सेकंदांत जिंकली. मातीच्या धावपट्टीवरचा दीड मैलाचा तो विक्रम आजवर कोणी मोडलेला नाही. दुसरा घोडा ३१ लांबी मागे होता. एक लांबी साधारण अडीच मीटरची धरली, तर पाऊणशे मीटर! त्या दिवशीचे चित्रीकरण पाहा. कॅमेरा मागचे घोडे चौकटीत आणण्यासाठी दृश्य रुंद करत जातो, तरी अंतर वाढतच राहते. सेक्रेटेरियट क्षणोक्षणी अधिकाधिक वेगाने पळतो आहे याबद्दल पाहणाऱ्याला शंकाच उरत नाही. २०१० साली डिस्नेने याच घोड्यावर चित्रपट काढला, त्याचा कळसही हीच शर्यत आहे.

दीड मैलाचे पाव मैलाचे, म्हणजे दोन दोन फर्लांगांचे, सहा तुकडे पाडू. सेक्रेटेरियटला त्यासाठी लागलेले सेकंद क्रमाने असे आहेत : २३.६, २२.६, २३.६, २४.४, २४.८ आणि २५.०. दुसऱ्या तुकड्यात त्याचा वेग ताशी ६४ किलोमीटर होता, शेवटच्या तुकड्यात ५८. दुसऱ्या तुकड्यानंतर तो सतत मंदावत होता, आणि नेमक्या त्याच काळात इतरांपासूनचे त्याचे अंतर वाढत होते! सुरुवातीला त्याच्या बरोबरीने पळालेला शॅम दमून पाचही घोड्यांत शेवटचा आला.

हे चमत्कारिक वाटत असेल तर लोकल गाडी आठवा. दादरकडे येताना जलद गाडी ब्रेक लावते, पण शेजारच्या रुळावरची धिमी गाडी त्याहून जोरात ब्रेक लावते. जलद गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला वाटते, आपण काय सुसाट निघालो! शर्यतीचा कॅमेरा ही अशीच खिडकी असते. तो घोड्यांबरोबर फिरतो, त्यामुळे घोडा चौकटीत जवळजवळ स्थिर राहतो आणि आपल्याला दिसतो तो फक्त घोड्याघोड्यांतला फरक. जमीन, जी खरा वेग सांगू शकली असती, ती पार्श्वभूमीत पुसट होऊन जाते. म्हणजे फसवणूक दिग्दर्शक करण्याआधीच कॅमेऱ्याच्या जागेने झालेली असते. दिग्दर्शक तिच्यावर संगीत चढवतो आणि शेवटचे दहाबारा सेकंद ताणून मिनिटभराचे करतो.

नियमाला अपवाद असतात, आणि तेही याच घोड्याने घडवले. महिनाभर आधी, ५ मे रोजी, केंटकी डर्बीत त्याचा प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा जलद होता : २५.२, २४, २३.८, २३.४, २३ सेकंद. जाणकारांना या आकड्यांचे अप्रूप वाटते, यातच ते किती दुर्मिळ आहेत हे आले.

घोडा मंदावतो का? चौखूर धावताना तो एका झेपेला एकच श्वास घेतो, कमी नाही की जास्त नाही. सात मीटरची एक झेप धरली, तर मिनिटाला सुमारे १४० श्वास होतात, आणि तेही केवळ नाकाने, कारण घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. हृदयाचे ठोके विश्रांतीत मिनिटाला ३०-४० असतात, ते सव्वादोनशेवर जातात. प्लीहा आकुंचन पावून तांबड्या पेशींचा राखीव साठा रक्तात सोडते. म्हणजे राखीव साठा असतो हे खरे, पण तो शेवटच्या वळणासाठी राखलेला नसतो, शर्यतीच्या आरंभीच वापरात येतो. एवढे करूनही स्नायूंची गरज पुरी होत नाही आणि ते ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवू लागतात. त्या ऊर्जेला मर्यादा असते.

चित्रपटांत घोडा ‘हृदयाच्या’ बळावर जिंकतो. सेक्रेटेरियटच्या बाबतीत हे शब्दशः खरे असण्याची शक्यता आहे. १९८९ साली त्याच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्यकाने त्याचे हृदय सुमारे दहा किलोचे असावे असा अंदाज केला. सर्वसाधारण हृदयाच्या ते दुपटीहून मोठे ठरते. पण ते तराजूवर कोणी तोलले नव्हते. विज्ञानाच्या शिक्षकाने हे वाक्य वगळून ही गोष्ट सांगू नये.

आता चाबकाविषयी. चित्रपट पाहून मुलांचा समज होतो, की मारले की घोडा जास्त पळतो. सिडनी विद्यापीठाचे डेव्हिड इव्हान्स आणि पॉल मॅकग्रीव्ही यांनी शर्यतींतल्या दर २०० मीटरच्या वेळा आणि चाबकाचे फटके यांची सांगड घातली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात घोड्यांचा सरासरी वेग सर्वांत जास्त आढळला तो अंतिम रेषेपासून ६०० ते ४०० मीटरच्या टप्प्यात, जिथे चाबूक उचललाही नव्हता. फटके बसले ते शेवटच्या ४०० मीटरमध्ये, थकलेल्या घोड्यांना.

इथे हा विषय करमणुकीचा राहत नाही. सुमारे पाचशे किलोचा घोडा भरधाव असताना प्रत्येक झेपेत एका क्षणी सगळा भार पुढच्या एकाच पायावर येतो, आणि तो वजनाच्या जवळजवळ अडीचपट असतो. सव्वा टन, एका खुरावर. थकलेले स्नायू पाय पूर्वीइतका सावरू शकत नाहीत. ६ जुलै १९७५ रोजी बेलमाँटवरच रफियन ही तोवर अजिंक्य राहिलेली घोडी फूलिश प्लेझरशी समोरासमोरच्या शर्यतीत धावत होती. लाखो लोक दूरदर्शनवर पाहत असताना तिच्या पुढच्या उजव्या पायाची हाडे मोडली. शस्त्रक्रिया झाली, पण भुलीतून जागी होताच ती पाय झाडू लागली, आणि तिला दयामरण द्यावे लागले. गुडघ्याखाली घोड्याच्या पायाला स्नायू जवळजवळ नसतात, रक्तपुरवठा बेताचा असतो, आणि घोड्याला महिनोन्महिने आडवे ठेवता येत नाही. म्हणून असे मोडलेले हाड सहसा सांधत नाही. चित्रीकरणही या धोक्यापासून दूर नाही. अमेरिकेतली ‘लक’ ही रेसवरची दूरदर्शन मालिका मार्च २०१२ मध्ये बंद करण्यात आली, कारण तिच्या निर्मितीच्या काळात तीन घोडे दगावले होते.

वर्गासाठी घोड्याची गरज नाही. मैदानावर ४०० मीटरची शर्यत लावा आणि दर १०० मीटरवर घड्याळ घेतलेला एकेक विद्यार्थी उभा करा. बाकीच्यांना अंतिम रेषेजवळ बसवून आधी विचारा, की शेवटच्या १०० मीटरमध्ये वेग कोणी वाढवला? उत्तरे फळ्यावर लिहून घ्या. मग आकडे मांडा. आमच्या वसाहतीतल्या मुलांवर मी हा प्रयोग केला, तेव्हा पंधरापैकी तेरा जणांनी जिंकणाऱ्या मुलीचे नाव सांगितले होते. तिचा शेवटचा तुकडा तिच्या चारही तुकड्यांत सर्वांत संथ निघाला. तिला स्वतःला मात्र याचे नवल वाटले नाही. ‘पाय उचलतच नव्हते, काका,’ ती म्हणाली.