साडेपाच तासांत सिंगापूर? जरा हिशेब करा!

‘मुंबई-सिंगापूर ना? साडेपाच तास फक्त! रात्री बस, सकाळी मीटिंग.’ ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्ककडून हा डायलॉग तुम्हीही ऐकला असेल. मी म्हटलं, बघूया तरी हे साडेपाच तास येतात कुठून.

सरळ रेषेत मोजलं तर मुंबई ते सिंगापूर हे अंतर साधारण ३,९०० किलोमीटर. जेट विमान वर गेलं की ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. म्हणजे भागाकार करून येतात जेमतेम साडेचार तास. मग वरचा एक तास? तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची आणि बाकीच्यांनी रांग लावायची. त्यात चढण्या-उतरण्याचा कमी वेग आणि हवाई मार्गाचे छोटे-मोठे वळसे. झाला तास!

आता घड्याळ. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. खरं तर सूर्याच्या हिशेबाने फरक दोन तासांचाच, आणि १९८१ पर्यंत घड्याळातही तेवढाच होता. १९८२ च्या १ जानेवारीपासून मलेशियाने देशभर एकच वेळ ठेवायची म्हणून क्वालालंपूरकडची घड्याळं अर्धा तास पुढे केली. शेजारच्या सिंगापूरनेही तेच केलं. तेव्हापासून जाताना आपली अर्धा तास जास्तीची झोप जाते.

ही झोपच तर महत्त्वाची. समजा, तुमचं फ्लाइट रात्री साडेअकराचं आहे. तीन तास आधी एअरपोर्टवर पोहोचायचं, म्हणजे ऑफिसातून थेट टॅक्सीत. टेकऑफ, मग जेवणाची ट्रॉली, मग उतरण्याआधी पुन्हा दिवे. मधे हाती लागते तीन तासांची डुलकी, तीसुद्धा बसून. उतरता तेव्हा तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि तुमच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे पाच. दहाच्या मीटिंगला तुम्ही प्रेझेंटेशन देता, ते मुंबईतल्या साडेसातला, रात्रभर जागून.

माझी एक मैत्रीण महिन्यातून दोनदा हे करते. तिच्या कंपनीच्या खात्यात याने हॉटेलची एक रात्र वाचते. तिच्या खात्यात मात्र एक रात्र कमी होते आणि ती कुठल्याच एक्स्पेन्स शीटवर लिहिता येत नाही.

परतताना मामला उलटा. रात्री आठला निघा, मुंबईत घड्याळ अकराच दाखवतं! खूश होऊ नका, शरीराच्या लेखी दीड वाजून गेलेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी मेल टाकताना सरळ लिहा: दिवसाचं फ्लाइट द्या, नाहीतर मीटिंग दुपारी ठेवा. कारण विचारलं, तर वरचा हिशेब आहेच.