फलकावरचे चित्र आणि चालकाचा मेंदू

येवल्याच्या विंचूर चौफुलीवर नाशिक-छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड-अहिल्यानगर हे वर्दळीचे रस्ते एकमेकांना छेदतात. शिर्डीला निघालेल्या भाविकांच्या गाड्या, कांद्याचे ट्रॅक्टर, मालमोटारी आणि दुचाकी यांची तेथे सरमिसळ असते. अशा रस्त्यांवर नजरेला खुणावणाऱ्या चित्रांचीही वानवा नसते. कुठे पैठणी नेसलेली हसरी नववधू, कुठे वाढदिवसाच्या शुभेच्छा, तर कुठे भावपूर्ण श्रद्धांजली. ही चित्रे चालकाच्या मेंदूत काय घडवितात आणि त्यात स्त्री-पुरुष असा भेद असतो काय?

चित्र दिसताच मेंदूतील विद्युतलहरींत बदल होतात. डोक्याला संवेदक लावून या लहरींचा आलेख काढता येतो. साध्या चित्रापेक्षा आनंद, भीती वा दुःख जागविणारे चित्र पाहताना, सुमारे एक तृतीयांश सेकंदानंतर उमटणारी लहर अधिक ठळक असते. भावनिक चित्राकडे मेंदू अधिक लक्ष पुरवितो, असा याचा अर्थ. हे लक्ष बव्हंशी आपोआप वेधले जाते. तेथे इच्छाशक्तीचे फारसे चालत नाही.

भावनांच्या या प्रक्रियेत अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागाचा मोठा वाटा असतो. अनेक मेंदूचित्रण अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये स्टीव्हन्स आणि हॅमन यांनी प्रसिद्ध केले. नकारात्मक भावनांच्या वेळी स्त्रियांत, तर सकारात्मक भावनांच्या वेळी पुरुषांत हा भाग तुलनेने अधिक सक्रिय होतो, असे त्यातून दिसले. २००२ मधील एका प्रयोगात, तीव्र भावना जागविणारी चित्रे तीन आठवड्यांनंतर स्त्रियांना अधिक चांगली आठवली होती.

मात्र यावरून स्त्रिया हळव्या, म्हणून चालक म्हणून कच्च्या, असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. ही निरीक्षणे यंत्रात स्थिर पडून चित्रे पाहणाऱ्यांची आहेत, वाहन चालविणाऱ्यांची नव्हेत. शिवाय हे फरक सरासरीचे आहेत. एका स्त्रीचा किंवा एका पुरुषाचा प्रतिसाद त्यावरून सांगता येत नाही. अपघाताचे चित्र एकाला अधिक खेचेल, हसरा चेहरा दुसऱ्याला. विचलित दोघेही होऊ शकतात.

या विचलित होण्याची किंमत मोजता येते. येल आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठांतील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की वेगाने सरकणाऱ्या चित्रांत एखादे क्लेशकारक चित्र आले, तर त्यानंतर एक पंचमांश सेकंदाने येणारे, शोधावयाचे चित्र अनेकदा नजरेतून निसटते. डोळे उघडे असतात, पण दिसत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्या अवधीत दोन मीटरहून अधिक पुढे जाते. फलकाकडे दोन सेकंद पाहिले, तर २२ मीटर. तेवढ्यात रस्ता ओलांडणारे मूल गाडीसमोर येऊ शकते.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या २०१३ मधील अभ्यासात आभासी वाहन चालविणाऱ्यांना रस्त्याकडेच्या फलकांवर भावनिक शब्द दाखविण्यात आले. त्यामुळे वाहनाचा वेग बदलला आणि सुखद शब्दांचा परिणाम अधिक काळ टिकला. म्हणजे केवळ भीषण चित्रेच लक्ष विचलित करतात असे नाही. हसरा चेहराही ते करू शकतो.

कायद्याने हा धोका ओळखला आहे. चालकाचे लक्ष विचलित करू शकणारी जाहिरात हटविण्याची तरतूद मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११६ मध्ये आहे. दिल्लीतील रस्त्याकडेचे धोकादायक फलक हटविण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिले होते. म्हणूनच चालक स्त्री की पुरुष, यापेक्षा फलक कोठे उभा आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. वळण, चौफुली, शाळेसमोरचा रस्ता अशा ठिकाणी चालकाला सारे लक्ष रस्त्यावर हवे असते. तेथे चित्रांचे फलक नसणे, हाच सर्वांच्या हिताचा उपाय आहे.