टेस्टोस्टेरॉन कमी आलं, म्हणजे लगेच इंजेक्शन?

चाळिशी-पन्नाशीतला पुरुष थकव्यामुळे रक्त तपासून घेतो, अहवालात टेस्टोस्टेरॉनचा आकडा ठळक अक्षरांत 'कमी' म्हणून येतो आणि थकव्याचं कारण सापडलं असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. हे संप्रेरक पहाटे-सकाळी सर्वाधिक असतं, दुपारनंतर उतरतं, जेवणानंतरही काही काळ खाली येतं, आणि ताप किंवा मोठं आजारपण असेल तर आणखी घसरतं. संध्याकाळी ऑफिसातून येताना दिलेल्या रक्तावरून त्यामुळे काहीच ठरवता येत नाही. सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तपासण्यांत आकडा कमी आला आणि जोडीला लक्षणंही असली, तरच निदान करावं, असं अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीची २०१८ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तिथल्याच मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने डेसिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅम ही सीमा मानली आहे. पण २९० आणि ३१० असलेल्या दोन माणसांत एक आजारी आणि दुसरा निरोगी, असं शरीर मानत नाही. युरोपात ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांच्या पाहणीत कमी टेस्टोस्टेरॉन आणि तीन लैंगिक लक्षणं असे दोन्ही निकष लावले, तेव्हा त्यात बसणारे पुरुष जेमतेम २.१ टक्के निघाले.

आकडा खरोखरच कमी असेल, तर तो कशामुळे, हा पुढचा प्रश्न. क्लाइनफेल्टर सिंड्रोम, गालगुंडात वृषणांना झालेली इजा, पीयूषिका ग्रंथीतली गाठ, केमोथेरपी अशा कारणांनी शरीराची निर्मितीच खुंटली असेल, तर बाहेरून टेस्टोस्टेरॉन देणं हा योग्य आणि आवश्यक उपचार आहे. त्याला बिचकू नये. पण मध्यमवयात जास्त वेळा आढळतात ती सुटलेलं पोट, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणं, दीर्घकाळ घेतलेली अफूवर्गीय वेदनाशामकं ही कारणं. वजन चांगलं उतरलं की यातल्या बऱ्याच पुरुषांचा आकडा आपोआप वर येतो. यावर कुणी म्हणेल, वजन उतरायला वर्ष लागतं, तोवर इंजेक्शनाने तरतरी आली तर बिघडलं कुठे? आक्षेप रास्त आहे, पण ती तरतरी येते का, हे पाहिलं गेलेलं आहे. पासष्टीपुढच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांना वर्षभर खरं किंवा औषधविरहित जेल देऊन केलेल्या अमेरिकी चाचण्यांचे निष्कर्ष २०१६ पासून प्रसिद्ध झाले. कामेच्छा आणि लैंगिक सक्रियता माफक वाढली, मनःस्थिती किंचित सुधारली, रक्तक्षय असलेल्यांचं हिमोग्लोबिन वाढलं. थकव्यात मात्र ठोस फरक पडला नाही, स्मरणशक्तीतही नाही. म्हणजे ज्या तक्रारीसाठी लोक या उपचाराकडे वळतात, तिथेच तो सर्वांत कमी उपयोगी ठरला.

आता ज्या गैरसमजाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते, तो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषत्वाचं संप्रेरक, तेव्हा ते घेतल्याने मूल होण्याची शक्यता वाढेल, असं जिममधल्या तरुणाला आणि कधीकधी मुलासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यालाही वाटतं. घडतं नेमकं उलटं. रक्तात बाहेरून आलेलं टेस्टोस्टेरॉन पुरेसं दिसलं की मेंदू पीयूषिका ग्रंथीचे संदेश थांबवतो. संदेश थांबले की वृषणांचं काम मंदावतं, त्यांच्या आतलं टेस्टोस्टेरॉन कोसळतं आणि शुक्राणू तयार होणं बंद पडू लागतं. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून तो आजमावला. आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेणाऱ्या २७१ निरोगी पुरुषांपैकी १५७ जणांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्राणू उरला नाही. हे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. थांबवल्यावर बहुतेकांची निर्मिती पूर्ववत होते, पण त्याला कित्येक महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. ज्याला अजून बाप व्हायचं आहे, त्याच्यासाठी वृषणांनाच कामाला लावणारे वेगळे उपचार आहेत. ते न सांगता टेस्टोस्टेरॉन सुरू करून देणं ही गंभीर चूक आहे.

हृदयविकार आणि प्रोस्टेटचा कर्करोग यांची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त पसरली आहे. प्रोस्टेटच्या भीतीचं मूळ चार्ल्स हगिन्स यांच्या १९४१च्या कामात आहे: पसरलेला कर्करोग टेस्टोस्टेरॉन घटवल्याने आटोक्यात येतो, हे त्यांनी दाखवलं. पण त्यावरून उपचाराने नवा कर्करोग उद्भवतो, असं सिद्ध होत नाही. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या 'ट्रॅव्हर्स' चाचणीत (२०२३) हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७.० टक्के, तर न घेणाऱ्यांत ७.३ टक्के होतं. प्रोस्टेटच्या कर्करोगातही लक्षणीय फरक नव्हता. मात्र हृदयाचे अनियमित ठोके, फुप्फुसात रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक होणारी इजा औषध घेणाऱ्यांत अधिक दिसली. हाडं मोडण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त होतं, जे कुणी अपेक्षिलं नव्हतं. शिवाय रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांपुढे गेलं की औषध थांबवावं लागतं, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासणं चुकत नाही.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट राहून जाऊ नये. एलएच आणि एफएसएच या पीयूषिकेच्या संप्रेरकांची तपासणी पहिल्या डोसाआधीच करायची असते. दोष वृषणांत आहे की मेंदूकडच्या संदेशांत, हे तीच सांगते. आणि एकदा औषध सुरू झालं की ही दोन्ही संप्रेरकं दबतात आणि मूळ कारण शोधण्यासाठी त्यांचा उपयोग उरत नाही.