मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि हृदयावरील भार

शेताच्या निगेविषयीं शेतकरी जितका दक्ष असतो तितका स्वतःच्या देहाविषयीं नसतो. बैलाच्या खांद्यास सूज दिसली तर जूं त्याच दिवशीं उतरविलें जातें. स्वतःच्या पायांस सायंकाळीं सूज येऊं लागली तर ती श्रमाची म्हणून सोडून दिली जाते. अशी सूज पुष्कळदां मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या, व कित्येक वेळां दोहोंच्या, विकाराची खूण असते. ह्या दोन विकारांचा संबंध किती निकटचा आहे हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस मुठीएवढीं दोन मूत्रपिंडें असतात. हृदयानें लोटलेल्या रक्ताचा सुमारें पांचवा हिस्सा त्यांजकडे जातो. दिवसभरांत तीं सुमारें १८० लिटर पाणी गाळतात, व दीड-दोन लिटर मूत्र वगळून बाकी सर्व रक्तांत परत घालतात. हृदयास मोट म्हटलें तर मूत्रपिंडास निचऱ्याचा चर म्हणावें लागेल. चर बुजला म्हणजे पाणी शेतांतच तुंबतें. तद्वत् मूत्रपिंडें क्षीण झालीं म्हणजे मीठ व पाणी अंगांत सांचतें, रक्तदाब चढतो, पंडुता येते व रक्तवाहिन्या कठीण होतात. हृदयास जास्त जोर करावा लागतो. त्याच्या भिंती जाड होतात, व शेवटीं तें थकतें. उलटपक्षीं, हृदय दुबळें झालें तर मूत्रपिंडांस पुरेसें रक्त मिळत नाहीं, व तीं अधिकच बिघडतात.

हा संबंध आजचा शोध नव्हे. लंडन येथील गाइज् रुग्णालयांतील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनीं मूत्रपिंडाच्या रोग्यांचें हृदय वाढलेलें आढळतें असें १८३६ सालींच नमूद केलें होतें. आज भय वाटतें तें रोगाच्या प्रमाणाचें. जागतिक अंदाजाप्रमाणें २०१७ सालीं सुमारें ७० कोटी लोकांस मूत्रपिंडाचा जुनाट विकार होता. पैकीं सुमारें साडेअकरा कोटी भारतांत होते. त्या एका वर्षांत ह्या विकारानें सुमारें १२ लक्ष माणसें दगावलीं. आणि मूत्रपिंडें क्षीण झाल्यामुळें हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांनीं गेलेलीं आणखी सुमारें १४ लक्ष. म्हणजे हा रोग स्वतः जितक्यांस नेतो त्याहून अधिकांस हृदयाच्या वाटेनें नेतो.

मधुमेह व रक्तदाब हीं याचीं मुख्य कारणें होत. परंतु शेतांत राबणाऱ्यांस एक निराळाच धोका आहे. निकाराग्वा व एल साल्वाडोर येथील ऊसतोडे, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतांतील भातशेतकरी, व आंध्रांतील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागांतील रहिवासी यांच्यांत मधुमेह नसतांही मूत्रपिंडें निकामी होण्याचें प्रमाण फार आढळलें आहे. कारणांविषयीं तज्ज्ञांचें एकमत नाहीं. मध्य अमेरिकेंत मात्र उन्हाची धग व अंगांतील पाणी आटणें ह्यांवर मुख्य संशय असून, तेथील कांहीं मळ्यांवर पाणी, विश्रांति व सावली यांचा क्रम घालून देण्यांत आला आहे. आपल्याकडे ऊसतोड करविणाऱ्यांनीं तो उचलण्यास कांहींच हरकत नसावी.

विकार शेवटास गेला म्हणजे डायलिसिसवांचून गत्यंतर राहत नाहीं, व तें बहुधा आठवड्यांतून तीन वेळां करावें लागतें. २०१६ सालच्या केंद्र सरकारच्या योजनेनें जिल्हा रुग्णालयांत गरिबांस त्याची मोफत सोय झाली; तरी खेपा, भाडें व बुडालेले दिवस राहतातच. महसूल खात्याच्या नोकरींत दुखण्यापायीं विकलेल्या जमिनींच्या नोंदी आमच्या हातांखालून पुष्कळ गेल्या. फेरफाराच्या वहींत केवळ 'खरेदी' एवढेंच लिहिलेलें असतें. मागील दुखणें लिहिलेलें नसतें.

सुदैवानें उपाय आहेत. सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालींतून १८३५ सालीं काढलेल्या एका पदार्थाच्या अभ्यासावरून पुढें डापाग्लिफ्लोझिन हें मधुमेहाचें औषध निघालें. मधुमेह असो वा नसो, तें हृदयाच्या दुर्बलतेंत २०१९ सालीं व मूत्रपिंडाच्या विकारांत २०२० सालीं गुणकारी ठरलें. पुढें भारतांत त्याचें पेटंट संपून किंमतही उतरली. मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून तें घेऊं नये.

आमच्या वाचकांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या:

(१) चाळिशी उलटलेल्यांनीं, व मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनीं कोणत्याही वयांत, वर्षांतून एकदां रक्तदाब मोजवावा आणि मूत्रांतील प्रथिन व रक्तांतील क्रिएटिनिन तपासवावें.

(२) मीठ दिवसाकाठीं पांच ग्रॅमच्या आंत ठेवावें. लोणचें-पापड त्यांतच धरावे.

(३) अंगदुखीच्या गोळ्या आपल्या मनानें घेऊं नयेत.

(४) उन्हांत काम करतांना वरचेवर पाणी प्यावें. ज्यांस सूज आहे किंवा निजतांच दम लागतो, त्यांनीं तें किती प्यावें हें डॉक्टरांस विचारावें.

हा विकार आरंभीं मुळींच दुखत नाहीं, आणि त्यांतच त्याचा सारा घात आहे. सरकारचा सारा मुदतींत भरणारा शेतकरी वर्षाची ही तपासणीही त्याच शिस्तीनें करील, तर कित्येक घरांतील कर्तीं माणसें व त्यांच्या जमिनी दोन्ही राहतील.