इंजिन बदललं, रेडिएटर जुनाच! जीप तापते ती का?

पेट्रोल परवडेना म्हणून जुन्या विलीज किंवा महिंद्र जीपमध्ये मेटॅडोरचं डिझेल इंजिन बसवायची रीत आपल्याकडं बरीच वर्षं चालत आली. अशी जीप मळ्यात, वाडीवर कुठंही जाते. पण वैभववाडीहून करूळ घाट चढताना गगनबावड्याच्या अलीकडंच काटा लाल पट्टीत जातो, बॉनेटमधनं वाफ निघते. "गाडी लई तापतीया," म्हटलं की गॅरेजातला सल्ला ठरलेला, "व्हॉल्व काढून टाका की!"

हा सल्ला ऐकू नये. इंजिन गरम झालं की थर्मोस्टॅट व्हॉल्व पाणी रेडिएटरकडं सोडतो आणि कित्येक इंजिनांत त्याच वेळी पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट उघडीच राहते आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतं. व्हॉल्व धड आहे का, हे पातेल्यात पाणी उकळून घरीच बघता येतं. त्यात तो उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा घालावा.

खरं दुखणं बहुधा दुसरंच असतं. विलीजचं मूळ पेट्रोल इंजिन सुमारे २२०० सीसीचं, ६० अश्वशक्तीचं. रेडिएटर, पंखा, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं सगळं त्याच मापाचं. इंजिन बदलताना कडं आड येतं म्हणून काढतात, पंखाही मध्यावर येत नाही. मग तो जाळीतून वारा ओढण्याऐवजी बॉनेटमधलीच गरम हवा घुसळत बसतो. वर हौसेनं पुढं दिवे, भोंगे आणि जाड गार्ड! वारा येणार कुठनं?

ऊसगाड्यांच्या मागं रांगताना तापते आणि मोकळ्या रस्त्याला निवते, तर दोष वाऱ्याचा. वेगात आणि चढाला तापते, तर रेडिएटर तुंबलाय किंवा पाणी नीट फिरत नाही. थंड इंजिन टोपण उघडं ठेवून सुरू केल्यावर पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील, तर हेड गॅसकेट तपासावं. ते गेलं असेल तर रेडिएटरवरचा खर्च वाया जातो. तशीच रेटली तर हेड वाकतं.

शिरोळकडच्या क्षारपड भागात विहिरीचं पाणी ओतत राहिलं की नळ्यांत क्षार धरतो. बाहेरून पाचट आणि धूळ बसते. ती इंजिनच्या बाजूनं पुढं, हलक्या धारेनं धुवावी. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर भंगारात घालू नये. टाकी उघडून, नळ्यांत सळी मारून तो पुन्हा डाक देऊन जोडता येतो. आत बॅटरीचं पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घालावं. टोपण मात्र मूळ दाबाचंच हवं. जास्त दाबाचं लावलं की जुना डाक सुटतो.

वाटेत उकळलीच तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबावं. गरम टोपण फिरवलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं.

नव्यानं इंजिन बदलणाऱ्यांनी आधी आरटीओत जावं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ मुळं मूळ तपशिलात मनमानी बदल चालत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. आरसी बुकातला इंजिन नंबर जुळला नाही, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो.