धातुशोधक यंत्र, भूमिगत नाणी आणि निखात निधीचा कायदा

प्रस्तावना

जमिनीत पुरलेल्या धनाची एखादी तरी कथा नाही असे गाव महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. पायाळू माणसाच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले म्हणजे त्यास भूमिगत धन दिसते, धनाच्या हंड्यावर नाग राखण करीत बसलेला असतो, अपात्र माणसाच्या हाती लागलेल्या मोहरांचे कोळसे होतात, अशा समजुती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. या समजुतींतून घडणारे अघोरी प्रकार इतके गंभीर होते की, महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा निर्देश करावा लागला.

अंजनाची जागा आता हळूहळू यंत्र घेऊ लागले आहे. मेटल डिटेक्टर अर्थात धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने शेतात, नदीकाठी अथवा समुद्रकिनारी नाणी व दागिने शोधणे हा पाश्चात्त्य देशांत रूढ झालेला छंद आहे. भारतातही ही यंत्रे आता सहज विकत मिळतात. या छंदाची शास्त्रीय व कायदेशीर बाजू अध्यापकवर्गास ज्ञात असावी, या हेतूने प्रस्तुत लेखात तिचे विवेचन केले आहे.

यंत्राचे कार्य आणि काळ्या मातीची अडचण

या यंत्राचे तत्त्व पदवी अभ्यासक्रमात शिकविल्या जाणाऱ्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचेच आहे. यंत्राच्या तळाशी असलेल्या चकतीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला जातो. छंदासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांत त्याची वारंवारता सामान्यतः ३ ते ३० किलोहर्ट्झच्या आसपास असते. त्यामुळे निर्माण होणारे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते व तेथील धातूच्या वस्तूत भोवऱ्यासारखे फिरणारे सूक्ष्म विद्युतप्रवाह उत्पन्न करते. या प्रवाहांचे प्रतिक्षेत्र दुसरे वेटोळे टिपते आणि यंत्र वाजते. प्रतिसाद मूळ प्रवाहाच्या किती मागे पडतो, यावरून वस्तूच्या विद्युतवाहकतेचा अंदाज बांधता येतो. चांदीचा रुपया त्यामुळे चांगला ओळखू येतो. मात्र सोन्याची नाजूक अंगठी आणि औषधी गोळ्यांच्या पाकिटाचा अॅल्युमिनियमचा तुकडा जवळजवळ सारखाच प्रतिसाद देतात. अशा वेळी सोने समजून खणावे आणि पाकीट निघावे, हा या छंदातील नित्याचा अनुभव होय.

यंत्राला धातू कळतो, परंतु शोधणाऱ्यास हवा असलेला धातू कोणता हे कळत नाही. ही मर्यादा फार जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशाच तत्त्वावरील उपकरण वापरले. गोळी सापडली नाही. गादीतील धातूच्या स्प्रिंगांमुळे उपकरण गोंधळले असावे, असे मानले जाते. पुढे दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधण्यासाठी अशा यंत्रांचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला आणि युद्धानंतर ती हौशी लोकांच्या हाती आली.

बारामती-इंदापूर परिसराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. येथील काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली असून त्या खडकात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय लोहखनिजे असतात. ही खनिजे स्वतःच यंत्रास प्रतिसाद देतात. म्हणून यंत्र प्रथम त्या जमिनीशी जुळवून घ्यावे लागते, आणि तसे केल्यावरही त्याची पोहोच कमी होते. अनुकूल जमिनीतही सुटे नाणे साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. मोठा हंडा अधिक खोलीवर कळू शकतो, पण जाहिरातींत सांगितली जाणारी खोली आणि ढेकळांच्या रानातील खोली यांत बरेच अंतर असते.

जमिनीत नाणी का असतात?

पेढी वा बँक नसलेल्या काळात जमीन हीच सामान्य माणसाची तिजोरी होती. १६३० ते १६३२ चा दुष्काळ किंवा १८०२ मधील पुण्याची लूट व त्यापाठोपाठचा दुष्काळ, अशा प्रसंगी माणसे आपला संचय पुरून गाव सोडीत. जे परतले त्यांनी तो काढून घेतला. जे परतू शकले नाहीत त्यांचा तेवढा जमिनीत राहिला. प्रत्येक नाणेनिधीच्या मागे बहुधा अशी एखादी न परतलेली व्यक्ती असते, हे गुप्तधनाच्या कथांत सहसा सांगितले जात नाही. याशिवाय बाजाराच्या जागी, उतारावर, नदीघाटावर हातून निसटलेली सुटी नाणी असतात. शिवकालापासून पुढे दीर्घकाळ चलनात राहिलेल्या तांब्याच्या शिवराया शेतकऱ्यांना नांगरताना मिळतात, त्या बहुतांशी या प्रकारच्या.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी, त्यामागून आलेली ऊसशेती आणि १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंब येथे उभारलेला कारखाना व मळा यांमुळे या भागातील जमीन खोलवर उलथली गेली. उजनी जलाशयाखाली इंदापूर तालुक्यातील जुन्या वस्त्या गेल्या. पाणी ओसरले की पळसदेवच्या जुन्या मंदिराबरोबर त्या वस्त्यांचे अवशेषही उघडे पडतात. अशा उघड्या पडलेल्या जागी यंत्र घेऊन फिरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

वस्तू आणि तिचा संदर्भ

खरा प्रश्न येथेच उपस्थित होतो. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा निधी सापडला. ही नाणी क्षहरात राजा नहपान याची होती व त्यांपैकी सुमारे नऊ हजार नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उठविलेली होती. सातवाहनांनी क्षहरातांचा पराभव केला, या नाशिकच्या शिलालेखातील विधानास त्यामुळे भक्कम आधार मिळाला. हा निधी एकत्र तपासला गेला म्हणूनच पुनर्मुद्रित नाण्यांचे प्रमाण समजले. तीच नाणी दहा गावच्या सराफांकडे सुटी विकली गेली असती, तर हजारो वितळली असती आणि उरलेल्यांवरून हे प्रमाण कधीच मांडता आले नसते.

याउलट उदाहरण दायमाबादचे. सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावी १९७४ मध्ये एका शेतकऱ्यास झाडाचे खोड खणताना धातूचे चार शिल्पाकार मिळाले : रथ, हत्ती, गेंडा व रेडा. एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक. भारतीय ताम्रपाषाणयुगातील ही अपूर्व संपदा मानली जाते. परंतु ती शास्त्रीय उत्खननातील निश्चित थरातून आलेली नसल्याने तिच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले. उत्तर हडप्पा काळाशी तिचा संबंध जोडणारे एका बाजूस, तर धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेणारे दुसऱ्या बाजूस. शेतकऱ्याचा यात काहीच दोष नव्हता. तो खोड काढीत होता. धातुशोधक यंत्र घेतलेला माणूस मात्र हेतुपुरस्सर खणतो. खणलेला खड्डा पुन्हा बुजविता येतो, पण उपसलेला थर पूर्ववत होत नाही.

कायदा काय सांगतो?

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ हा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू म्हणजे निधी, अशी त्याची व्यापक व्याख्या आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास शोधणाऱ्याने वस्तूंचे स्वरूप, ठिकाण व दिनांक जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवून निधी सरकारी कोषागारात जमा करावा किंवा त्यासाठी जामीन द्यावा. १८७८ साली दहा रुपये ही चांगली रक्कम होती. आज बरी टिकलेली एखादी शिवराईही ती मर्यादा ओलांडते. त्यानंतर जाहीर सूचना निघते, चौकशी होते, आणि निधी बेवारस ठरल्यास व वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास आणि एक चतुर्थांश जमीनमालकास मिळतो. निधी लपविणाऱ्याचा हिस्सा शासनाकडे जातो आणि त्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संरक्षित स्मारके व स्थळे यांच्या हद्दीत विनापरवाना उत्खननास वेगळ्या कायद्याने बंदी आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष अधिनियमाखाली येतात व ती खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाहीत.

दंडाची तरतूद असूनही निधी लपविले जातात. पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे बांधकामाच्या खोदाईत निघालेल्या मुघलकालीन २१६ सुवर्णमुद्रा २०२२ मध्ये पोलिसांनी हस्तगत केल्या. वजन २,३५७ ग्रॅम, म्हणजे दर नाण्यास सुमारे अकरा ग्रॅम, जे मोहरेचे नेहमीचे वजन आहे. नाणी वाचली, पण ती जमिनीत कशी मांडलेली होती हे नोंदविण्याची वेळ निघून गेली होती.

यास केवळ लोभ कारणीभूत आहे असे म्हणणे अपुरे ठरेल. शासनाने निधी संपादन केल्यास धातूची किंमत व तिचा एक पंचमांश एवढाच मोबदला देण्याची तरतूद या अधिनियमात आहे. तांब्याच्या दुर्मिळ नाण्याला धातू म्हणून जवळजवळ किंमतच नसते, मात्र संग्राहक त्यासाठी हजारो रुपये मोजतो. प्रामाणिकपणाची किंमत वजनकाट्यावर ठरविणारा हा कायदा ज्ञानापेक्षा धातूकडे पाहणारा आहे. ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने निधीचे मूल्यांकन बाजारभावाने करण्याची पद्धत पक्की केली आणि १९९७ पासून सुट्या वस्तूंच्या ऐच्छिक नोंदणीची योजना सुरू केली. २००९ मध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात एका हौशी शोधकास शेतात अँग्लो-सॅक्सनकालीन सोन्याचा प्रचंड निधी लागला. काही दिवस त्याने स्वतःच वस्तू उचलल्या, नंतर अधिकाऱ्यांना कळविले व पुढील उत्खनन तज्ज्ञांनी केले. निधीचे मूल्य ३२ लाख ८५ हजार पौंड ठरले व ते शोधक आणि जमीनमालक यांच्यात वाटण्यात आले.

निधी नव्हे अशा वस्तू

कालपरवा हरवलेला दागिना हा निखात निधी नव्हे. खुरपणीत पडलेले जोडवे वा उसाच्या सरीत तुटलेले मंगळसूत्र मालकिणीचेच राहते. १८७२ च्या करार कायद्यानुसार ते सापडलेल्या व्यक्तीवर सांभाळाची जबाबदारी येते आणि अप्रामाणिकपणे ठेवून घेणे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा ठरतो. या यंत्राचा सर्वांत निर्वेध उपयोग म्हणजे असा दागिना शोधून देणे. सराफकट्ट्यावरील माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी किंवा तीर्थक्षेत्री दोरीला लोहचुंबक बांधून पात्रातील नाणी काढणारी मुले हे या छंदाचे देशी सोयरेच होत. चुंबकाला फक्त पोलादी नाणीच चिकटतात, तांबे-निकेलची जुनी नाणी पाण्यातच राहतात. पदार्थविज्ञानाच्या तासाला याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

शेतात मिळालेले नाणे विद्यार्थी बहुधा प्रथम वर्गात आणतो, तलाठी कार्यालयात नव्हे. अशा वेळी अध्यापकाने जमिनीचा गट क्रमांक, अंदाजे खोली, दिनांक आणि सोबत खापर, वीट वा राख होती काय, एवढे टिपून घेणे उपयुक्त ठरते. अनेक नाणी असल्यास पुढील खोदाई थांबवून तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यास कळविण्यास साहाय्य करावे. नाणे मात्र चिंचेने किंवा राखेने घासू देऊ नये. घरी ते सर्वप्रथम केले जाते. तांब्यावरील हिरवा थर चिंचेच्या आम्लाने झटकन निघतो आणि नाणे लखलखीत दिसते, परंतु शिवराईवरील ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे पुष्कळदा त्या थरातच शिल्लक राहिलेली असतात.